एकच बाजू वाजतेय? जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचा उडालेला चॅनेल शोधण्याची वाट

लग्नसराई किंवा कानबाईचा उत्सव आटोपला की खान्देशात दुरुस्तीच्या टेबलावर जुने ॲम्प्लिफायर येऊ लागतात आणि तक्रार बहुतेक एकाच वाक्यात असते: ‘एकच बाजू वाजस, दुसरी मुकी व्हई गई.’ अशा वस्तू आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. आखातातून आणलेले जपानी सॅन्सुई आणि पायोनियर आहेत, आपले सोनोडाइन आणि कॉस्मिक आहेत, शिवाय गावातल्याच कारागिराने २एन३०५५ ट्रान्झिस्टरवर बांधून दिलेले बिननावाचे डबेही आहेत. यातले बहुतेक दुरुस्त होतात. भंगारात जातात ते बऱ्याचदा घाईमुळे. उडालेला ट्रान्झिस्टर बदलला, लगेच वीज दिली, नवा ट्रान्झिस्टरही उडाला, आणि मालकाने आशा सोडली.

नवख्या माणसाने एक गोष्ट पक्की धरावी. स्टिरिओ ॲम्प्लिफायर म्हणजे एका डब्यातले दोन अगदी सारखे ॲम्प्लिफायर. पॉवर सप्लाय तेवढा सामाईक. एक चॅनेल उडाला आणि दुसरा चालू असला, तर सर्किट डायग्राम हाताशी नसतानाही अडत नाही, कारण बरोबर आकडे चालू चॅनेलमध्ये आयते मिळतात. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे: आधी चांगल्या बाजूला मोजायचं, मग त्याच जागी वाईट बाजूला मोजायचं, आणि दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहायचे.

हा लेख ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरसाठी आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रात आत कित्येक शे व्होल्ट असतात. नवख्यांनी ते उघडू नये.

लागणारं सामान

डायोड टेस्ट असलेला डिजिटल मीटर, २५ वॉटची सोल्डरिंग गन, ६०/४० सोल्डर, जुना डाग (सोल्डरचा सांधा) शोषून घेणारा पंप, फ्लक्स, हीट सिंकची पेस्ट, १०० ओहम ५ वॉटचा एक रेझिस्टर आणि सिरीज बोर्ड. यातला सिरीज बोर्ड सोडून बाकी सगळं उसनं चालेल. बोर्ड मात्र स्वतःचा हवा. ॲम्प्लिफायरच्या फेज वायरमध्ये ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडलेला, एवढंच ते साधन. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि करंट स्वतः अडवून धरतो, त्यामुळे नवे ट्रान्झिस्टर वाचतात. एलईडी किंवा सीएफएल यासाठी निरुपयोगी आहे. बल्ब तारेचाच लागतो. आता तो शोधावा लागतो, तेव्हा मिळाला की दोन घेऊन ठेवा.

झाकण उघडण्याआधी

स्पीकरच्या दोन्ही वायरी काढून टाका. मुका चॅनेल नुसता गप्प आहे की त्याच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज उभं आहे, हे अजून आपल्याला माहीत नाही. तिथे डीसी असेल आणि चांगला स्पीकर त्यावर जोडला, तर त्याची कॉइल काही सेकंदांत जळते. म्हणून आधी मीटर डीसीवर ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर आणा, ॲम्प्लिफायर सिरीज बोर्डावर चालू करा आणि दोन्ही बाजूंची स्पीकर टर्मिनल मोजा. दोन्हीकडे काही मिलिव्होल्टच दिसले तर उत्तम. एका बाजूला २० किंवा ३० व्होल्ट दिसले तर तो चॅनेल खरोखर उडाला आहे. बाहेरच्या चाचण्या सोडा आणि थेट झाकणाकडे वळा. ज्या जुन्या सर्किटमध्ये स्पीकरच्या वाटेवर मोठा कपॅसिटर असतो, तिथे स्पीकर नसताना मीटर उगाच काही व्होल्ट दाखवतो. टर्मिनलवर १ किलोओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा, खरा आकडा कळेल.

डीसी नसेल तर अदलाबदल करून बघा. प्रत्येक वेळी यंत्र बंद करूनच वायर हलवायची. डावा-उजवा स्पीकर बदला. शांतता स्पीकरबरोबर सरकली तर दोष स्पीकरचा किंवा वायरचा. स्पीकर पुन्हा जागेवर लावा आणि इनपुटच्या पिना बदला. शांतता इनपुटबरोबर सरकली तर दोष डेकचा किंवा केबलचा. दोन्ही वेळा तीच बाजू मुकी राहिली तरच ॲम्प्लिफायरवर संशय घ्यायचा.

तरीही लगेच ट्रान्झिस्टरकडे जाऊ नका. टेप मॉनिटरच्या बटणाचा एका बाजूचा संपर्क खराब होणं, बॅलन्सचा नॉब एका टोकाला जाणं, स्पीकर ए-बी स्विचच्या आत गंज येणं, मागच्या बाजूला प्री-आउट आणि मेन-इन जोडणारी धातूची पिन सैल होणं, या चारही कारणांनी एक बाजू पूर्ण मुकी होते. आपल्याकडे याचं प्रमाण जास्तच. धाब्याच्या घरात छतातून माती झिरपते, जिनिंगच्या गावात कापसाची बारीक रुई हवेत असते आणि पहिल्या पावसात ती ओल धरून संपर्कांवर बसते. यंत्र पूर्ण बंद करून प्रत्येक स्विचमध्ये आणि नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारा, वीस-पंचवीस वेळा फिरवा, वाळू द्या, मग वाजवून बघा. आवाज मोठा केल्यावर खरखरत परत येत असेल तर आउटपुट रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवरच्या स्विचचे) संपर्क काळे पडले आहेत, असं समजा.

रिलेची आणखी एक गोष्ट. प्रोटेक्शन असलेल्या यंत्रात चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ आवाज येतो. तो आलाच नाही आणि दोन्ही बाजू मुक्या राहिल्या, तर दोन्ही चॅनेल गेले असं मानू नका. बऱ्याच वेळा एकाच चॅनेलवर डीसी आलेलं असतं आणि प्रोटेक्शनने दोन्ही स्पीकर तोडून ठेवलेले असतात.

झाकण उघडल्यावर

प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये त्यानंतरही ताकद उरते. १०० ओहमचा रेझिस्टर पक्कडीत धरून प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांना पाच-सहा सेकंद लावा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय लावून घेऊ नका. त्याने कपॅसिटर बिघडतो आणि ठिणगी डोळ्यांकडे उडते. जुन्या यंत्रांत मेन स्विच, फ्यूज होल्डर आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची टोकं उघडी असतात. तिथे २३० व्होल्ट असतात. स्लीव्ह किंवा चांगली टेप चढवूनच पुढे जा.

मऊ ब्रशने धूळ काढा, मग चांगल्या उजेडात नीट बघा आणि वास घ्या. काळा पडलेला रेझिस्टर, डोकं फुगलेला कपॅसिटर, आउटपुट (स्पीकर चालवणाऱ्या) ट्रान्झिस्टरच्या पायाभोवती गोल चीर पडलेला डाग, उंदराने कुरतडलेली वायर. हीट सिंक तापून आणि निवून डाग सुटतात, आणि जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या आसपासच्या मे महिन्यात हे लवकर होतं. दिसेल ते लिहून ठेवा, पण तेवढ्यावर निदान करू नका. जळालेला रेझिस्टर हा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणामुळे जळालेला असतो.

वीज न देता मोजणी

खरं काम इथे आहे. घाई करू नका.

आधी आउटपुट ट्रान्झिस्टर. मीटर डायोड टेस्टवर ठेवा. ट्रान्झिस्टरचे प्रकार दोन, एनपीएन आणि पीएनपी, आणि पाय तीन: बेस, एमिटर, कलेक्टर. एनपीएन ट्रान्झिस्टरला लाल प्रोब बेसवर आणि काळा आधी एमिटरवर, मग कलेक्टरवर लावला की ०.५ ते ०.७ यांच्या मधला आकडा यायला हवा. प्रोब उलटे केले की काही दिसू नये किंवा फार मोठा आकडा दिसावा. पीएनपीला हेच उलटं: काळा बेसवर. कलेक्टर आणि एमिटर यांच्यात कुठल्याही बाजूने मीटर वाजायला नको. वाजला तर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला. उडालेल्या चॅनेलमध्ये सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच. लोखंडी टोपीच्या २एन३०५५ ला पूर्ण टोपी म्हणजे कलेक्टर. पूर्वीच्या आपल्याकडच्या कित्येक सर्किटमध्ये वरचा आणि खालचा दोन्ही २एन३०५५, म्हणजे दोन्ही एनपीएनच असतात, तेव्हा खालचा पीएनपीच असेल असं गृहीत धरू नका. फार जुन्या यंत्रात जर्मेनियमचे एसी१८७, एसी१८८ सापडले तर त्यांचा आकडा ०.२ ते ०.३ च्या आसपास येतो. तो दोष नव्हे.

बोर्डावर असताना आजूबाजूच्या भागांमुळे आकडे फसवतात. म्हणून प्रत्येक आकडा चांगल्या चॅनेलच्या त्याच पायावरच्या आकड्याशी ताडून बघायचा. दोन्ही सारखे आले तर पुढे जा. वेगळे आले तर तो भाग काढून बाहेर मोजा.

आउटपुट शॉर्ट सापडला की ९० टक्के लोक तिथेच थांबतात आणि बाजाराकडे निघतात. तुम्ही थांबू नका. आउटपुट शॉर्ट होताना रेलचं (पॉवर सप्लायच्या लाइनचं) पूर्ण व्होल्टेज त्याच्या बेसवाटे मागे ढकललं जातं आणि ते ड्रायव्हर, म्हणजे आउटपुटला चालवणाऱ्या, ट्रान्झिस्टरला घेऊन जातं; कधी त्याच्याही मागच्या टप्प्याला. म्हणून ड्रायव्हर (बीडी१३९-बीडी१४० किंवा तसेच), त्याआधीचा व्होल्टेज वाढवणारा ट्रान्झिस्टर, इनपुटची जोडी, सगळे याच पद्धतीने तपासा. एमिटरचे ०.२२ किंवा ०.३३ ओहमचे सिमेंट रेझिस्टर तपासा. इतकी लहान किंमत साधा मीटर नीट दाखवत नाही, पण रेझिस्टर तुटला आहे की शाबूत आहे एवढं नक्की सांगतो. १०० ओहमच्या आसपासचे फ्यूज रेझिस्टर बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून तुटलेले असतात. आउटपुटवर सिरीजमध्ये असलेला १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा जोड बघा. तो १० ओहम जळाला असेल तर ॲम्प्लिफायर ऐकू न येणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर दोलायमान झाला होता, याची ती खूण आहे.

या साखळीत माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे बायसचा, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुटमधून वाहणारा थोडासा करंट ठरवणारा, छोटा ट्रान्झिस्टर. तो बहुधा हीट सिंकला चिकटवलेला असतो आणि आउटपुट किती तापले ते जाणून त्यांचा करंट आवरतो. त्याची वायर तुटली किंवा तो ओपन झाला, तर दोन्ही आउटपुट एकदम पूर्ण उघडतात. नवी जोडी लावून वीज दिल्याबरोबर ती जाते आणि माणूस बाजारातल्या मालाला दोष देत बसतो. बायसच्या प्रीसेटचा (फिरवून किंमत बदलता येणाऱ्या छोट्या रेझिस्टरचा) सरकता संपर्क झिजला तरी कित्येक सर्किटमध्ये हेच होतं. शंका असेल तर प्रीसेट सरळ नवा बसवा. त्याची किंमत फारच थोडी.

तुमच्या यंत्रात सुटे ट्रान्झिस्टर नसून एसटीके मालिकेचा जाड आयसी असेल, तर काम सोपं आणि खर्चिक. एसटीके४१४१ सारख्या आयसीत दोन्ही चॅनेल एकाच तुकड्यात असतात. एक गेला तरी पूर्ण आयसी बदलावा लागतो. बदलण्याआधी भोवतालचे फ्यूज रेझिस्टर आणि कपॅसिटर तपासा.

माल आणताना

रेझिस्टर, कपॅसिटर, २एन३०५५ असा रोजचा माल जळगाव-धुळ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत मिळतो. दुर्मिळ जपानी ट्रान्झिस्टरसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. जपानी भागावर नंबर अर्धाच छापलेला असतो: नुसतं ‘सी’ किंवा ‘डी’ आणि आकडा दिसला तर तो २एससी किंवा २एसडी, म्हणजे एनपीएन, ‘ए’ किंवा ‘बी’ दिसलं तर २एसए किंवा २एसबी, म्हणजे पीएनपी.

पर्यायी नंबर लावताना पायांची रांग आधी बघा. बीसी५४७ ची सपाट बाजू स्वतःकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एससी१८१५ ला तसाच धरला तर एमिटर, कलेक्टर, बेस. दिसायला दोन्ही एकसारखे, आणि इथल्या चुकीने दुरुस्त झालेलं सर्किट पुन्हा उडतं.

पॉवर ट्रान्झिस्टर आणि एसटीके आयसी यांत नकली माल खूप. अस्सल २एन३०५५ हा १५ अँपिअर आणि ६० व्होल्टचा भाग आहे. नकली टोपीच्या आत बारीकशी चकती असते आणि ती पहिल्याच मोठ्या आवाजाला जाते. खात्रीचा दुकानदार गाठा, दोन पैसे जास्त द्या. आउटपुटची जोडी नेहमी एकत्र बदला. एक शॉर्ट झाला असेल तर दुसऱ्यानेही मार खाल्लेला असतो, जरी तो मीटरवर बरा दिसला तरी.

बसवताना जुनी, खडूसारखी झालेली पेस्ट पूर्ण पुसा. नवी अगदी पातळ लावा. जाड थर उष्णता अडवतो. अभ्रकाची चकती आणि स्क्रूचं प्लास्टिक बुश जागेवर आहे ना ते बघा आणि स्क्रू आवळल्यावर ट्रान्झिस्टरची टोपी व हीट सिंक यांच्यात मीटर वाजत नाही याची खात्री करा. उडालेल्या चॅनेलमधले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुने असतील तर नवे टाका, आणि मग चांगल्या बाजूचेही बदला, म्हणजे दोन्हींचा आवाज सारखा राहील. पण ते दुरुस्ती पूर्ण झाल्यावर. तोवर चांगल्या चॅनेलला सोल्डरिंग गन लावायची नाही.

पहिल्यांदा वीज देताना

बायसचा प्रीसेट कमीत कमी करंटच्या टोकाला न्या. ते टोक कुठलं, हे चांगल्या चॅनेलच्या प्रीसेटच्या जोडणीवरून कळतं. स्पीकर नाही, इनपुट नाही, व्हॉल्यूम शून्य. सिरीज बोर्डावर लावा आणि हात दूर ठेवून चालू करा. बल्ब क्षणभर भरून पेटला आणि मग मंद झाला किंवा विझला, तर ठीक: तो क्षणभराचा उजेड फिल्टर कपॅसिटर भरल्याचा होता. बल्ब पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा आणि मोजणीकडे परत जा. कुठेतरी शॉर्ट उरला आहे.

बल्ब मंद झाला की आउटपुटवरचं डीसी मोजा. दुहेरी सप्लायच्या यंत्रात, म्हणजे जिथे एक धन आणि एक ऋण रेल असते तिथे, ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. एकेरी सप्लाय आणि आउटपुट कपॅसिटर असलेल्या यंत्रात कपॅसिटरच्या आतल्या बाजूला सप्लायच्या बरोबर अर्धं हवं: रेल ४८ तर तिथे २४ च्या आसपास. आउटपुट एका रेलला चिकटून बसलं असेल तर इनपुटची जोडी, फीडबॅकचा (आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेचा) रेझिस्टर आणि फीडबॅकच्या वाटेवरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा. आता वीज चालू आहे, म्हणून प्रोब घसरू देऊ नका. एका क्षणाचा शॉर्ट नवी जोडी नेतो. एक हात खिशात ठेवा, काळा प्रोब चिमट्याने ग्राउंडला लावा आणि दोन्ही चॅनेलच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरची बेस आणि एमिटर व्होल्टेज लिहून काढा. सिलिकॉनमध्ये दोहोंतला फरक ०.६ च्या जवळ हवा. जिथे डाव्या-उजव्या आकड्यांची फारकत सुरू होते, तिथून दोष फार लांब नसतो.

सगळं जुळलं की बल्ब काढून सरळ २३० वर चालू करा आणि बायस लावा. एमिटरच्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे; ०.२२ ओहमवर ६.६ मिलिव्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपिअर. आकडा किती हवा, ते चांगला चॅनेल सांगतो. हळूहळू वाढवा, वीस मिनिटं तापू द्या, पुन्हा बघा. डिसेंबरच्या सकाळी लावलेला बायस मे महिन्याच्या दुपारी वर सरकतो, म्हणून आपल्या भागात मी तो चांगल्या चॅनेलच्या आकड्याहून थोडा खालीच ठेवतो. कानाला फरक कळत नाही आणि हीट सिंक हात लावण्याइतपत राहतो. याच वेळी घरच्या लाइनचं व्होल्टेजही मोजून ठेवा. २३० वर ३५ व्होल्ट देणारी रेल २५० ला ३८ वर जाते. मागे २२० आणि २४० निवडायचा स्विच असेल तर तो २४० वर ठेवा.

आवाज, आणि स्पीकर

पहिला सिग्नल मोबाइलवरून द्या, १ किलोहर्ट्झचा सूर, आवाज कमी. आउटपुटवर ८ ओहम ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लावला तर उत्तम. दोन्ही चॅनेलवर एसी व्होल्टेज मोजा, बॅलन्स मध्यावर असताना ती जवळपास सारखी यायला हवीत. मग एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर १ अँपिअरच्या फ्यूजमधून जोडून अर्धा-पाऊण तास आकाशवाणी जळगाव किंवा हवं ते लावा आणि मधूनमधून हीट सिंकला हात लावून दोन्ही बाजू सारख्या तापतात का ते बघा.

घरचे स्पीकर जोडण्याआधी त्यांनाही मीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. २-३ दाखवलं तर कॉइल जळून वेढे एकमेकांना चिकटले असण्याची शक्यता मोठी, आणि तो स्पीकर जोडला तर दुरुस्त केलेला चॅनेल त्याच संध्याकाळी परत जातो. कोन बोटांनी सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल बदलायला द्या. कार्यक्रमासाठी जादा स्पीकर जोडायचे असतील तर हिशेब आधी करा: ८ ओहमचे दोन समांतर म्हणजे ४, चार समांतर म्हणजे २ ओहम, आणि ८ ओहमसाठी बांधलेल्या यंत्रातून तेव्हा चौपट करंट मागितला जातो. मंडपात अंथरलेल्या लांब वायरीच्या टोकाला सुटलेली एखादी तार दुसऱ्या टर्मिनलला लागली, तरी तोच परिणाम. टोकांना डाग देऊन घ्या किंवा लग लावा, आणि प्रत्येक स्पीकरच्या वाटेवर २ अँपिअरचा फ्यूज कायमचा बसवून टाका.